टोकन दिलं म्हणजे घर झालं नाही: ‘भारत आणि आंतरराष्ट्रीय संघटना’ शिकताना मी कुठे पडले

यूपीएससीच्या माझ्या दुसऱ्या मेन्सच्या, म्हणजे मुख्य परीक्षेच्या, तयारीतली गोष्ट आहे. टेस्ट सिरीजचा जीएस टूचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा दुसरा, सराव पेपर तपासून आला होता आणि कळव्याच्या अभ्यासिकेत मी तो उघडला. पंधरा गुणांच्या एका उत्तराचं माझं पहिलं वाक्य असं होतं: ‘भारत संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचा सदस्य असल्यामुळे त्यातील तरतुदी भारतावर बंधनकारक आहेत.’ पुढचे अडीचशे शब्द या एका वाक्याच्या खांद्यावर उभे होते. कोठडीतले मृत्यू, पोलीस सुधारणा, मानवी हक्क आयोग, सगळं व्यवस्थित रचलेलं. तपासणाऱ्यांनी पहिल्या वाक्याखाली लाल रेघ मारून समासात लिहिलं होतं, ‘सही आणि अनुसमर्थन यांतला फरक पाहा.’ गुण पंधरापैकी दोन.

मी चिडले. मला तर तारीखसुद्धा पाठ होती. भारताने त्या करारावर 14 ऑक्टोबर 1997 रोजी सही केली. सही केली म्हणजे सदस्य झाला, यात आणखी पाहायचं काय? तीन दिवस तो पेपर बॅगेत घेऊन मी ठाणे-वाशी लोकलने ये-जा केली. चौथ्या दिवशी लक्षात आलं की गेली दोन वर्षं हा सगळा घटकच मी चुकीच्या पायावर पाठ केला आहे. एखादा करार असता तर गोष्ट वेगळी, इथे पन्नासएक नावं होती.

माझ्याबद्दल थोडक्यात. पाच अ‍ॅटेम्प्ट, दोन मेन्स, मुलाखतीचं पत्र एकदाही आलं नाही. नंतर राज्यशास्त्रात सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, पास झाले आणि आता नवी मुंबईतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. यशाचा मंत्र माझ्याकडे नाही. पाय कुठे घसरतो ते मात्र नेमकं माहीत आहे, आणि दरवर्षी नवी मुलं त्याच जागी घसरताना बघून जीव तुटतो. संयुक्त राष्ट्रांची अंगं, नकाराधिकार, सार्कचे आठ देश हे तुम्हाला येतं असं धरून चालते. त्यासाठी चांगली पुस्तकं आहेत.

माझ्या चुकीचं मूळ होतं एका क्लासच्या झेरॉक्स नोट्समधला तक्ता. डावीकडे संघटनेचं नाव, मग स्थापना, मग मुख्यालय आणि शेवटचा रकाना: ‘भारत सदस्य? हो/नाही’. तो तक्ता मी रंगीत पेनांनी सजवून भिंतीला लावला होता. त्या तक्त्यात संयुक्त राष्ट्रं, जी-20, अण्वस्त्र प्रसारबंदी करार, आर्क्टिक परिषद आणि छळविरोधी करार एकाखाली एक बसले होते, जणू एकाच जातीचे. यांतली एक जागतिक संघटना, एक सचिवालयही नसलेला गट, एक करार, एक अशी परिषद की जिथे भारत फक्त निरीक्षक आहे, आणि शेवटचा असा करार की ज्यावर भारताने सही केली आहे पण अनुसमर्थन केलेलं नाही. एवढ्या वेगवेगळ्या नात्यांना ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोनच शब्द पुरतील कसे?

मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांना यात एक जास्तीचा धोका आहे. संघटनेचा सदस्य आणि कराराला बांधला गेलेला देश या दोन्हींना आपल्या नोट्स सरसकट ‘सदस्य’ म्हणतात. दुसऱ्यासाठी ‘पक्षराष्ट्र’ किंवा ‘पक्षकार’ हे शब्द आहेत, पण ते जड वाटतात म्हणून कोणी वापरत नाही. वर्तमानपत्रं तर ‘करारावर शिक्कामोर्तब’ लिहून मोकळी होतात. आता हा शब्दच बघा. शिवकालीन पत्रात शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या मुद्रा असत. शिक्का वर उमटायचा, आणि मजकूर संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये म्हणून शेवटी मोर्तब व्हायची, ‘मर्यादेयं विराजते’. वर शिक्का आहे आणि खाली मोर्तब नाही, असं पत्र पुरं झालेलं नसे. आपण दोन्ही शब्द जोडून एक केला आणि मधली पायरी विसरलो.

मला ही पायरी समजली ती मात्र घरातल्या एका जुन्या जखमेमुळे. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. मी अकरावीत असताना त्यांनी घोडबंदर रोडला एका फ्लॅटसाठी टोकन दिलं, पन्नास हजार रुपये. आईने त्याच संध्याकाळी चाळीत पेढे वाटले. मग रजिस्ट्रेशनची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, मग दर बदलला. बाबांनी नाद सोडला. टोकन परत मिळायला आठ महिने लागले. त्या पेढ्यांचा विषय आमच्या घरात अजून निघत नाही.

लोकलमधल्या त्या तीन दिवसांत मला अचानक ते पेढे आठवले. मीही उत्तरपत्रिकेत टोकनवर पेढे वाटले होते.

आता हे सावकाश सांगते, कारण माझी दोन वर्षं इथेच गेली. करारावर सही करणं म्हणजे टोकन. देश जाहीर करतो की हा मजकूर आम्हाला पटला आहे, पुढे जायचा आमचा इरादा आहे. त्याला अगदीच अर्थ नसतो असं नाही. सही केलेल्या देशाने कराराच्या मूळ हेतूलाच सुरुंग लावेल असं वागू नये, हे आंतरराष्ट्रीय कायद्यात मानलं जातं. पण कराराची कलमं त्या देशावर अजून लागू झालेली नसतात. अनुसमर्थन म्हणजे उपनिबंधक कार्यालयातलं रजिस्ट्रेशन. इथे देश बांधला जातो. आणि तिसरी पायरी म्हणजे ताबा. रजिस्टर झालेला फ्लॅट हातात येईपर्यंत तुम्ही त्यात राहायला जाऊ शकत नाही, तसं अनुसमर्थन झालेल्या करारातून नागरिकाला देशातल्या कोर्टात हक्क मिळायला आपल्याकडे बहुतेक वेळा संसदेचा कायदा लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 253 मध्ये संसदेला हा अधिकार दिला आहे, विषय राज्यसूचीतला असला तरीसुद्धा. करार करण्याचं काम संघसूचीतल्या 14 व्या नोंदीखाली केंद्राकडे आहे, आणि प्रत्यक्षात ते मंत्रिमंडळ करतं. करार करण्याआधी संसदेची परवानगी घेतलीच पाहिजे असं बंधन आपल्या घटनेत नाही. मुलं अमेरिकेच्या सेनेटबद्दल वाचतात आणि भारतालाही तेच लावतात. तसं करू नका.

चौथी एक वाट आहे. सहीची मुदत संपल्यावर, किंवा सही न करताच, देश थेट कराराला सामील होतो. संस्थानांच्या विलीनीकरणात तुम्ही ‘सामीलनामा’ वाचला आहे ना, इंग्रजीत त्यासाठी जो शब्द आहे तोच इथेही वापरतात. परिणाम अनुसमर्थनासारखाच, फक्त टोकनची पायरी नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार घ्या. ‘भारताने सही कधी केली?’ असं शोधत बसलात तर काही सापडणार नाही, कारण भारत 10 एप्रिल 1979 रोजी थेट सामील झाला.

आता याच पायऱ्यांवर खरी उदाहरणं ठेवून बघा. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करणारा करार, ज्याला सगळे सीडॉ म्हणतात: भारताची सही 30 जुलै 1980 ची, अनुसमर्थन 9 जुलै 1993 चं. मध्ये तेरा वर्षं. 1997 मध्ये विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वं घातली तेव्हा न्यायालयाने याच कराराचा आधार घेतला, कारण तोवर रजिस्ट्रेशन झालेलं होतं. त्यासाठीचा स्वतंत्र कायदा मात्र 2013 मध्ये आला. म्हणजे ताबा मिळायला आणखी वीस वर्षं. हा एक करार नीट उलगडून लिहिलात तर वीस नावं फेकलेल्या उत्तरापेक्षा ते उत्तर जड भरतं.

उलट पॅरिस करार: सही 22 एप्रिल 2016, अनुसमर्थन 2 ऑक्टोबर 2016, सहा महिन्यांच्या आत. जहाजं तोडण्याबाबतचा हाँगकाँग करार आणखी वेगळा. तो 2009 मध्ये तयार झाला, भारत 28 नोव्हेंबर 2019 रोजी त्यात सामील झाला आणि त्याच वर्षी देशात जहाज पुनर्चक्रण कायदा झाला. रजिस्ट्रेशन आणि ताबा हातात हात घालून. पण करार जगभर अमलात यायला 26 जून 2025 उजाडला, कारण ठरलेल्या संख्येने देश आणि त्यांच्या जहाजांचं ठरलेलं वजन भरल्याशिवाय तो सुरूच होणार नव्हता. हाही एक सापळा आहे: आपण बांधून घ्यायला तयार झालो ती तारीख वेगळी आणि करार अमलात आला ती वेगळी.

आणि माझा छळविरोधी करार. 1997 ला सही. अनुसमर्थन करायचं तर छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा हवा, म्हणून 2010 मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक आलं. लोकसभेने ते मे 2010 मध्ये मंजूर केलं, राज्यसभेने निवड समितीकडे पाठवलं, आणि पुढे लोकसभेची मुदत संपल्यावर ते बारगळलं. 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 273 व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली. अनुसमर्थन झालेलं नाही. हे सगळं मला माहीत असतं तर त्या पंधरा गुणांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच होतं! प्रश्न विचारणाऱ्याला ‘भारत का थांबला आहे’ हेच हवं होतं आणि मी ‘भारत पोहोचला आहे’ असं लिहून दार बंद केलं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, बाई एकाच गोष्टीवर किती बोलते. बोलते, कारण पूर्वपरीक्षेत विधानं देऊन विचारलेल्या प्रश्नात एक चुकीचा ‘सदस्य’ दोन गुण नेतो आणि वर एक तृतीयांश कापून घेतो. माझा एक अ‍ॅटेम्प्ट कटऑफच्या खाली एका प्रश्नाच्या अंतराने गेला. तो प्रश्न कोणता, हे मी आयुष्यभर शोधत बसणार.

दुसरी गल्लत याच्याच शेजारची. संघटनेचं सदस्यत्व आणि तिच्याशी जोडून घेतला जाणारा करार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मानखुर्दहून वाशीला लोकलने येताना खाडीपुलावरून दक्षिणेकडे बघा, तुर्भ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. ते दिसलं की मी मुलांना विचारते, भारत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा सदस्य आहे का? निम्मी मुलं ‘नाही’ म्हणतात, कारण ‘आपण एनपीटीवर सही केलेली नाही’. भारत त्या संस्थेत तिच्या स्थापनेपासून, 1957 पासून आहे. तिच्या जन्माआधी 1955 मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर जी पहिली मोठी परिषद झाली, तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. एनपीटी, म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करार, आला 1968 मध्ये. त्याने 1 जानेवारी 1967 च्या आधी अणुस्फोट केलेल्या देशांनाच अण्वस्त्रधारी मानलं, बाकीच्यांनी कायम हात जोडायचे. ही विभागणी भारताला मान्य नव्हती, म्हणून सही नाही. संस्थेत आतून बसणं आणि कराराबाहेर राहणं यांत काही विसंगती नाही.

निर्वासितांचंही तसंच. 1951 च्या निर्वासित कराराला भारत बांधलेला नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यकारी समितीवर भारत 1995 पासून आहे. अशा जोड्या स्वतः शोधून काढा. पाच जोड्या सापडल्या की या घटकाची भीती जाते, हे मी खात्रीने सांगते.

आता गट आणि मंच. इथे मला फार वेळ घालवायचा नाही. जी-20 ला सनद नाही, कायम सचिवालय नाही. अध्यक्षपद फिरतं आणि मागचा, आताचा, पुढचा असे तीन देश मिळून गाडा ओढतात. 9 आणि 10 सप्टेंबर 2023 च्या दिल्ली परिषदेत आफ्रिकी संघाला कायम सदस्य केलं गेलं, ते सगळ्यांच्या सहमतीने. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा क्वाड हा तर संघटनाच नाही. शस्त्रं आणि संवेदनशील तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या चार गटांपैकी तिघांत भारत आला आहे: क्षेपणास्त्र तंत्रज्ञान गट जून 2016, वासेनार डिसेंबर 2017, ऑस्ट्रेलिया गट जानेवारी 2018. अणुपुरवठादार गटात नाही, कारण तिथे एकमत लागतं. आणि हा गट उभा राहिला तोच 1974 च्या आपल्या पोखरण चाचणीनंतर, हे उत्तरात एका ओळीत आलं तर परीक्षकाला कळतं की तुम्ही वाचलं आहे.

निरीक्षक, संवाद भागीदार वगैरेसाठी सोसायटीचीच सभा डोळ्यांसमोर आणा. भाडेकरू सभेला येऊन बसला, चहा घेतला, एखाद्या वेळी बोललाही, पण हात वर करून मत देता येत नाही. शांघाय सहकार्य संघटनेत भारत 2005 पासून असा बसला होता, 2017 मध्ये अस्तानात पूर्ण सदस्य झाला. आर्क्टिक परिषदेत 2013 पासून निरीक्षक आहे आणि निरीक्षकच राहणार, कारण तिथलं सदस्यत्व ध्रुवप्रदेशातल्या आठ देशांपुरतं आहे. अंटार्क्टिक करारात मात्र गंमत वेगळी. नुसतं सामील होऊन मत मिळत नाही, तिथे खरोखर मोठं संशोधन करून दाखवावं लागतं. भारताची पहिली मोहीम 1981 मध्ये निघाली, ऑगस्ट 1983 मध्ये भारत कराराला सामील झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याला मताचा हक्क असलेला सल्लागार दर्जा मिळाला.

मतांचंही सोसायटीवरून कळतं. वन बीएचके असो की थ्री बीएचके, सभासदाला एक मत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आणि जागतिक व्यापार संघटनेत तसं आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मात्र ज्याचं क्षेत्रफळ मोठं त्याची मतं जास्त, भारताचा कोटा 2.75 टक्क्यांच्या आसपास आहे. मेंटेनन्स थकवलेल्याला कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही, तसं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 19 प्रमाणे दोन वर्षांची वर्गणी थकली की आमसभेतलं मत जाऊ शकतं. सनद स्वतः वाचा. कलम 4, 18, 19, 27 एवढी तरी. एका दुपारचं काम आहे आणि मराठी मुलं ते करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

‘संस्थापक सदस्य’ हा शब्दही जपून. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर 26 जून 1945 ला सही केली, तेव्हा आपण स्वतंत्र नव्हतो. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघातही 1920 पासून होतो. मुलं म्हणतात, मॅडम, हे कसं शक्य आहे? शक्य होतं, ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून, वेगळी खुर्ची मिळाली होती. ठाण्यात राहून स्पर्धा परीक्षा करणाऱ्या प्रत्येकाने चिंतामणराव देशमुखांचं नाव उच्चारलं आहे, महापालिकेची प्रशिक्षण संस्था त्यांच्याच नावाने आहे. पण जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सला 44 देश जमले आणि नाणेनिधी व जागतिक बँकेचा आराखडा ठरला, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस बसला होता, हे किती जणांना माहीत असतं? तेव्हा ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, पहिले भारतीय गव्हर्नर. युद्धकाळात ब्रिटनकडे अडकलेली भारताची पौंडांतली येणी हा त्या शिष्टमंडळाच्या काळजीचा मोठा विषय होता. पारतंत्र्यातल्या देशाची माणसं जागतिक टेबलावर आपल्या देशाचा हिशेब मागत होती. हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं की हा घटक आपला आहे, दिल्लीवाल्यांचा नाही.

आता शॉर्टकटबद्दल. मला ट्रिकचे व्हिडिओ अजिबात आवडत नाहीत. देशांची आद्याक्षरं जोडून गाणं बनवायचं आणि ते पाठ करायचं. ब्रिक्सचं असं एक गाणं माझ्या वर्गातल्या सगळ्यांना येत होतं. 2024 मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती आले, 2025 च्या सुरुवातीला इंडोनेशिया आला, आणि गाणं मोडलं. ज्यांना ‘हा गट का वाढतो आहे’ हे समजलं होतं त्यांना फक्त पाच नावं जोडायची होती. मुख्यालयांची यादी पाठ करायला एक रविवार पुरतो, त्यासाठी महिनाभर घालवू नका.

मेंटॉरचंही बोलते, कोणाला राग आला तरी चालेल. पैसे घेऊन दर आठवड्याला पंधरा मिनिटं फोनवर ‘चालू ठेव, छान चाललंय’ सांगणारा माणूस मेंटॉर नव्हे. माझे खरे गुरू दोन. एक तो अनोळखी तपासनीस, ज्याने समासात सहा शब्द लिहिले. दुसरे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात रोज पेपर वाचायला येणारे एक काका, न्हावाशेव्याला मालाची कागदपत्रं करण्यात उभी हयात गेलेले. मी त्यांना रडत रडत छळविरोधी कराराचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अगं, कागदावर कुठला शिक्का आहे हे न बघता आम्ही कंटेनर हलवला असता तर नोकरी गेली असती. तू कागद न बघता उत्तर कसं लिहिलंस?” मग त्यांनीच मला मूळ कागद बघायची सवय लावली.

मूळ कागद म्हणजे काय, तर संयुक्त राष्ट्रांचं ट्रीटी कलेक्शन. फुकट आहे, मोबाइलवर उघडतं. प्रत्येक कराराच्या पानावर देशांची यादी असते, एका रकान्यात सहीची तारीख, दुसऱ्यात अनुसमर्थनाची. थेट सामील झालेल्या देशाच्या तारखेपुढे इंग्रजी ‘ए’ हे बारीक अक्षर असतं. भारताची ओळ शोधायची, दोन्ही तारखा बघायच्या, खाली भारताने काही अटी किंवा घोषणा जोडल्या आहेत का ते वाचायचं. सीडॉच्या पानावर भारताच्या घोषणा वाचा, वैयक्तिक कायद्यांबाबत सरकार काय म्हणालं ते कळेल. इंग्रजीची धास्ती असेल तर घाबरू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आहे, पहिलं पान वाचायला मला तास लागला होता. दहावं पान पाच मिनिटांत झालं. भाषा तीच ती पुन्हा येते.

त्यानंतर मी तक्ता भिंतीवरून काढला आणि दोनशे पानी वही केली. आडवी धरून पाच रकाने: कोणत्या नात्याने, सही, अनुसमर्थन किंवा सामील होणं, देशातला कायदा, आणि शेवटचा सगळ्यांत रुंद, ‘असं का’. नियम एकच, शेवटचा रकाना भरता आला नाही तर ते नाव वहीत घ्यायचं नाही. सुरुवातीला महिन्याला सहासात नावंच झाली. मैत्रिणी शंभर नावांवर होत्या आणि मला रात्री झोप लागत नसे. तरीही हेच करा. हळू वाटतं, पण पुसून पुन्हा लिहावं लागत नाही.

रामसर कराराची नोंद तर मी घराजवळच पूर्ण केली. पाणथळ जागांचा हा करार 1971 मध्ये इराणमधल्या रामसर गावी झाला, भारत 1982 पासून त्यात आहे, आणि 2022 मध्ये आपली ठाणे खाडी त्या यादीत आली, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली तिसरी. रोहित पक्षी बघायला ऐरोलीला बोटीत बसाल तेव्हा मुलांना किंवा भावंडांना सांगा की या चिखलावर भारताने जगाला शब्द दिला आहे. यादीत येणं ही इथेही पहिलीच पायरी आहे; खाडीचं रक्षण पाणथळ जागांचे नियम, वनखातं, महापालिका आणि कोर्टातल्या याचिका यांतून होतं. शेवटचा रकाना भरायला मला इथे फ्लेमिंगोंमागे दोन हिवाळे फिरावं लागलं.

जे आत्ता पहिल्या अ‍ॅटेम्प्टला बसताय, त्यांनी या घटकाला महिन्याचे आठ दिवस द्या, त्याहून जास्त नको. इतर विषय आहेत. तिसऱ्या-चौथ्या अ‍ॅटेम्प्टला असाल आणि आपली यादीही ‘हो/नाही’चीच आहे असं आत्ता लक्षात येत असेल तर खचू नका. पाठ केलेल्या तारखा वाया जात नाहीत, त्यांना योग्य रकान्यात हलवायचं आहे इतकंच. मला ते हलवायला सहा आठवडे लागले. त्या वर्षीच्या मेन्सला जीएस टूमध्ये माझे आधीपेक्षा बरेच जास्त गुण आले. मुलाखतीचं पत्र तरीही आलं नाही, तेही इथे सांगून ठेवते.

वही अजून चालू आहे, आता कॉलेजातल्या मुलांसाठी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ट्रीटी कलेक्शन उघडते आणि बदल झालेत का बघते. छळविरोधी कराराच्या ओळीत सहीच्या रकान्यात 14 ऑक्टोबर 1997 आहे, शाईने. त्याच्या शेजारचा रकाना रिकामा आहे.